टस्कीगी : कार्व्हरच्या पुस्तकाबाहेर

हार्वर्ड, स्टॅनफर्ड ही नावं आपल्याकडे पोचतात ती कुणाच्या तरी मुलाला तिथं प्रवेश मिळाला म्हणून. टस्कीगीचं तसं नाही. मला आजवर भेटलेल्या एकाही मराठी माणसाचं मूल तिथं शिकलेलं नाही, आणि तरीही अलाबामातल्या या छोट्या गावाचं नाव काढलं की वाचनाची सवय असलेला कुणीही मराठी माणूस पटकन म्हणतो, "म्हणजे कार्व्हरचं ना!" हे सगळं वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'चं देणं. १९८१ साली आलेलं ते पुस्तक बक्षीस समारंभांत, वाढदिवसांना, दहावीच्या निरोपाला इतकं वाटलं गेलंय की अनेक घरांत त्याच्या दोन-दोन प्रती सापडतील. अमेरिकेत याचा पत्ताच नाही. शेंगदाणेवाला शास्त्रज्ञ एवढीच इथल्या बहुतेकांना कार्व्हरची ओळख.

माझे मामा साताऱ्याकडचे. लहानपणी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात राहून शिकले, पुढं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. गेल्या मे महिन्यात ते अटलांटाला आमच्याकडे आले तेव्हा मी आठ-दहा ठिकाणांची यादी करून ठेवली होती. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली आणि परत दिली. "हे तुझं तू बघ गं. मला टस्कीगीला ने."

अटलांटाहून नैऋत्येला दोन-सव्वादोन तासांची वाट. जॉर्जियाची हद्द ओलांडून अलाबामात शिरलं की घड्याळ तासभर मागं जातं; मामांनी लगेच मनगटावरचं घड्याळ सोडून काटे फिरवले. माझा फोन हे आपोआप करतो हे सांगून त्यांचा आनंद घालवावासा वाटला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पदवीदान उरकलं होतं, मुलं घरी गेली होती. आवार जवळजवळ आमचंच. चढउताराची जमीन, मोठाली ओकची झाडं आणि जिकडं बघावं तिकडं लाल विटा. वसतिगृह विटांचं, ग्रंथालय विटांचं, जेवणघर विटांचं. तिथल्या मातीचा रंगही तोच, त्यामुळं इमारती जमिनीतूनच उगवल्यासारख्या दिसतात. आणि एका अर्थी त्या उगवलेल्याच आहेत.

या विद्यापीठाचा जन्म एका निवडणुकीच्या सौद्यातून झाला. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी गेली. त्याआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणं हा गुन्हा होता. ल्युईस अ‍ॅडम्स हा टस्कीगीतला एकेकाळचा गुलाम, हातात जस्त-पत्र्याच्या कामाचं कसब. १८८० च्या निवडणुकीत विधिमंडळाच्या एका गोऱ्या उमेदवाराला कृष्णवर्णीयांची मतं हवी होती. अ‍ॅडम्सनं विचारलं, बदल्यात शाळा देता का? उमेदवार निवडून आला आणि त्यानं शब्द पाळला. शाळेला वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही, फळा नाही. ४ जुलै १८८१ रोजी, एका चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात, ३० विद्यार्थी घेऊन शाळा सुरू झाली. मास्तर होता पंचवीस वर्षांचा बुकर टी. वॉशिंग्टन, गुलाम म्हणूनच जन्मलेला. पाऊस आला की एक विद्यार्थी धडा सोडून उठायचा आणि शिकवणाऱ्या मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचा.

हे ऐकून मामा हसले. "आमच्याकडं छत्री तरी कुठं होती!"

पुढच्या विटांच्या गोष्टीसाठी मात्र ते थांबले. वॉशिंग्टननं गावाबाहेरची शंभर एकरांची मोडीत निघालेली मळ्याची जमीन उसनवारीवर घेतली. इमारती बांधायच्या तर विटा हव्यात, गावात वीटभट्टी नाही. मग विद्यार्थ्यांनीच चिखलात गुडघाभर उतरून विटा पाडायला घेतल्या. मुलं कुरकुरली. शिकायला आलो ते पुन्हा चिखल तुडवायला का, असं म्हणत काही तर शाळा सोडून गेली. गुलामीतून सुटून जेमतेम सोळा वर्षं झालेली. हाताच्या कामाचा तिटकारा वाटला तर त्यात त्यांचं काय चुकलं? पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी चांगली आठवडाभर पेटत ठेवली आणि विटा पक्क्या होणार अशा वेळी कोसळली. पैसे संपले. वॉशिंग्टननं मॉन्टगोमेरीला जाऊन आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली. ती लागली. घड्याळ सोडवून आणायला पैसे पुन्हा जमले नाहीत, ते गेलंच. पण पुढं गावातले गोरे लोक, ज्यांना ही शाळा डोळ्यांत खुपत होती तेसुद्धा, विटा घ्यायला याच शाळेच्या दारात येऊ लागले.

वॉशिंग्टनचं स्वतःचं घर, 'द ओक्स', १८९९ साली बांधलेलं, तेही विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांचं. त्याचा आराखडा रॉबर्ट टेलरचा, म्हणजे एमआयटीतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयाचा. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. मामा भिंतीला नाक लावून उभे. "हे बघ, ही जास्त भाजलीय. ही कोवळी राहिलीय. आच सगळीकडं सारखी लागली नव्हती." खरंच, जवळून पाहिलं तर दोन शेजारच्या विटांचा रंग जुळत नव्हता. एक काळपट जांभळी, एक फिकट नारिंगी, मधे कुठं तरी पोट सुटलेली एखादी. लांबून जी भिंत एकसंध लाल वाटत होती ती हातभर अंतरावर चारपाच रंगांची होती. मामांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि मग लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले आहे : भाऊरावांच्या पत्नीनं बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना मोडला आणि अखेर मंगळसूत्रही दिलं. घड्याळ आणि मंगळसूत्र, दोन्ही गोष्टी त्यांनी एका वाक्यात ठेवल्या आणि पुढं चालू लागले. कमवा आणि शिका हे ज्यांनी केवळ भाषणात ऐकलंय त्यांना ते गोड वाटतं. मामांनी पहाटे उठून पाणी शेंदलेलं आहे, त्यांना त्या शाळा सोडून गेलेल्या मुलांबद्दलही तितकीच माया वाटली.

आवाराच्या मध्यावर वॉशिंग्टनचा पुतळा आहे, चार्ल्स केक या शिल्पकाराचा, १९२२ सालचा. सूट घातलेले वॉशिंग्टन ताठ उभे. त्यांच्या पायाशी ऐरणीवर बसलेला एक अर्धउघडा कृष्णवर्णीय माणूस, मांडीवर उघडं पुस्तक. वॉशिंग्टन त्याच्या अंगावरचं जाड वस्त्र एका हातानं दूर करताहेत. खाली कोरलंय की यांनी आपल्या लोकांवरचा अज्ञानाचा पडदा उचलला. १९३३ ते ३६ या काळात इथं संगीत शिकायला आलेल्या राल्फ एलिसन नावाच्या मुलानं पुढं कादंबरी लिहिली, १९५२ मध्ये ती गाजली, आणि तिच्या नायकाला अशाच पुतळ्यापुढं प्रश्न पडतो : हा पडदा उचलला जातोय, की आणखी घट्ट ओढला जातोय?

मी हे सांगितल्यावर मामा पुतळ्याला वळसा घालून आले. "ब्राँझमध्ये कळायचं नाही. हात हलत नाही ना." त्यांचं मत पडदा उचलणाऱ्याच्या बाजूनं. माझं मत तिथं उभी असताना तरी बसलेल्या माणसाच्या बाजूनं पडलं. त्याच्या मांडीवर पुस्तक आहे, पण तो ते वाचत नाहीये. तो वर, दूर कुठं तरी बघतोय, उठायला निघाल्यासारखा.

वॉशिंग्टनवरचा आक्षेप जुना आहे. १८९५ मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनात त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना सांगितलं की सामाजिक बाबतींत आपण हाताच्या बोटांसारखे वेगवेगळे राहू, प्रगतीच्या कामात मात्र एक हात होऊ. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्नेगीसारख्यांनी पुढं सढळ हातानं पैसे दिले. ग्रंथालयाला २०,००० डॉलर, मग संस्थेला सहा लाखांचे रोखे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइसनं या भाषणाला तडजोड म्हटलं आणि विचारलं की मताचा हक्क सोडून मिळालेलं सुतारकाम किती दिवस पुरेल? पण गंमत अशी, की अलाबामानं १९०१ ची नवी घटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ पुसून टाकला तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्याचा खर्च वॉशिंग्टन गुपचूप भरत होते. खटला १९०३ मध्ये हरला. पैसे कुणाचे हे फारच थोड्यांना माहीत होतं. व्यासपीठावर नम्रता आणि पाठीमागं वकिलाची फी.

कार्व्हर संग्रहालय जुन्या धुलाईघराच्या इमारतीत आहे. मामा इथं देवळात शिरल्यासारखे शिरले. मला या संग्रहालयापेक्षा कार्व्हरच्या पत्रव्यवहाराबद्दल बोलायचं होतं, पण आधी त्यांना पाहू दिलं. १८९६ मध्ये आयोवाहून इथं आल्यावर प्रयोगशाळेसाठी काहीच नव्हतं, म्हणून कार्व्हरनं विद्यार्थ्यांना उकिरड्यावर पाठवून बाटल्या, डबे, तारा गोळा करून आणल्या, ही गोष्ट मामांना पाठ. १९०६ ची जेसप गाडी त्यांना माहीत होती : शेतकरी शाळेत येत नाही तर शाळा घोडागाडीत घालून शेतकऱ्याकडं न्यायची. कपाशीनं जमिनीचा कस ओढून नेलेला, म्हणून भुईमूग लावा, चवळी लावा, रताळी लावा असं सांगत फिरायचं. आणि नुसतं लावून काय करणार, खाणार काय, विकणार काय? म्हणून छोट्या पुस्तिका. १९१६ सालची भुईमुगाची पुस्तिका, तिच्यात खाण्याच्या १०५ कृती. अशा ४४ पुस्तिका काढल्या त्यानं. साध्या भाषेत, ज्याला जेमतेम वाचता येतं त्यानंही समजून घ्यावं अशा.

मामांना माहीत नव्हतं ते असं. आपल्या मनातला कार्व्हर संत आहे. तो मागत नाही, रागावत नाही, कुणी अपमान केला तर हसून पुढं जातो. प्रत्यक्षातला कार्व्हर आल्या आल्या भांडला. पगार इतरांपेक्षा जास्त, राहायला एक खोली जास्त हवी, नमुने ठेवायला जागा नाही, सहकाऱ्यांचा जळफळाट. १९०४ मध्ये त्याच्याकडच्या कोंबड्यांच्या हिशेबावरून चौकशी बसली आणि अहवालात आकडे फुगवले असल्याचा ठपका आला. कार्व्हर दुखावला. राजीनाम्याची भाषा त्यानं एकदा नव्हे, वर्षानुवर्षं केली. १९११ मध्ये वॉशिंग्टननं त्याला लांबलचक पत्र लिहिलं : तुम्ही उत्तम शिक्षक आहात, व्याख्यानं सुरेख देता, शेतकऱ्यांना स्फूर्ती देता, पण शेती आणि वर्ग चालवण्याचा कारभार तुमच्या हातून होत नाही.

"कोंबड्या?" मामा म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुख्याध्यापक असता तर मीही तेच लिहिलं असतं."

मला वाटतं, संतापणारा, रुसणारा, जास्तीच्या खोलीसाठी अडून बसणारा कार्व्हर आपण मराठीत वाचला असता तर त्याला एवढ्या प्रेमानं घरात घेतलं नसतं. त्याचं दैन्य आपल्याला हलवतं आणि त्याचं मौन आपल्याला बरं वाटतं. तो आपल्याकडं बोट दाखवत नाही. ज्या घरांनी कार्व्हर वाचून डोळे पुसले, त्यातल्या किती घरांनी गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीबद्दल त्याच वर्षी काही वाचलं? महाराष्ट्राचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी दुसराही धागा आहे, आणि तो जास्त जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइसना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचं नाव ब्लॅक पँथरवरून आलं हे आपण जाणतो. पण ब्लॅक पँथरचा तो काळा चित्ता आला कुठून? अलाबामातल्याच लाउंड्स परगण्यातून, जिथं १९६६ मध्ये मताचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आपल्या पक्षाची निवडणूक निशाणी म्हणून तो घेतला. टस्कीगीपासून लाउंड्स मोटारीनं दीड तासावरही नाही. म्हणजे कार्व्हर आणि पँथर, दोघंही आपल्याकडं आले ते जवळजवळ एकाच शिवारातून. आपण फक्त त्यांना वेगवेगळ्या घरांत उतरवलं.

मामा यावर तावातावानं बोलले. त्यांच्या मते मी पुस्तकावर अन्याय करत होते. खेड्यातल्या ज्या पोरांना त्यांनी ते वाचायला दिलं ती पोरं वेशीबाहेरचीही होती आणि तीच सगळ्यांत आधी परत मागायला यायची. ते खरं असणार. त्यांच्या वर्गाबद्दल मला त्यांच्यापेक्षा जास्त कसं कळणार?

चॅपल मात्र दोघांना आवडलं. जुनं १९५७ मध्ये जळलं. १९६९ साली पूर्ण झालेलं नवं पॉल रुडॉल्फच्या आराखड्याचं, त्यात एकही काटकोन नाही म्हणतात. गणिताच्या मास्तरांनी कोपरे तपासायला सुरुवात केली आणि मी खिडक्यांकडं वळले. रंगीत काचांत गुलामांची भक्तिगीतं चित्रांतून मांडलेली आहेत. जुन्या चॅपलमधल्या खिडकीवरून नव्यानं घडवलेल्या. बाहेर काही पावलांवर दफनभूमी. बुकर टी. वॉशिंग्टन, मृत्यू १९१५. जवळच कार्व्हर, मृत्यू १९४३. त्याच्या दगडावर लिहिलंय की कीर्तीबरोबर त्याला संपत्तीही मिळवता आली असती, पण दोन्हींची पर्वा न करता जगाच्या उपयोगी पडण्यात त्यानं सुख मानलं. एकमेकांना पत्रांतून छळणारे दोघं जण आता जवळ जवळ. मामांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही.

आवारातल्या ज्या इमारतीकडं कुणी सहज जात नाही तिथंही गेलो. केनी हॉलमध्ये जीवनीतिशास्त्राचं, म्हणजे वैद्यकीय संशोधनातल्या नीतीचं, राष्ट्रीय केंद्र आहे, १९९९ मध्ये सुरू झालेलं. त्यामागं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं चाललेली गोष्ट आहे. अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं इथल्या परगण्यातले सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतो. उपचार केलाच नाही. रोग शेवटपर्यंत माणसाचं काय करतो ते पाहायचं होतं. १९४७ पर्यंत पेनिसिलीन हाताशी आलं तरी दिलं नाही. या मंडळींना जेवण, तपासणी आणि मेल्यावर शवविच्छेदनाच्या बदल्यात दफनाचा खर्च मिळे. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी हे बाहेर काढलं, १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली. संस्थेचं रुग्णालय यात वापरलं गेलं आणि तेव्हाचे प्राचार्य मोटन यांनी होकारही दिला होता, हे इथले लोक लपवत नाहीत. पण प्रयोग सरकारचा आणि जगभर बदनाम झालं गावाचं नाव, याचा राग इथं अजून आहे, आणि तो रास्त आहे.

आवारातून गावच्या चौकात गेलो. मध्यभागी दक्षिणेच्या सैन्यातल्या सैनिकाचा पुतळा, गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचा, आता बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या असलेल्या गावात. सॅमी यंग हा टस्कीगीचा विद्यार्थी ३ जानेवारी १९६६ रोजी याच गावातल्या एका पेट्रोल पंपावर मारला गेला. त्यानं गोऱ्यांसाठी राखलेलं स्वच्छतागृह वापरू द्या म्हटलं होतं. गोळी घालणारा निर्दोष सुटला. तेव्हा सॅमी एकवीस वर्षांचा होता.

आणि मग ती गोष्ट, जिच्यामुळं मामांची पुढची चार दिवस झोप उडाली. टस्कीगीत शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय प्राध्यापक, डॉक्टर मतदार म्हणून नोंदवू लागले तेव्हा १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळानं गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव कापून कापून अठ्ठावीस बाजूंचं केलं. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच जण वगळता सगळे गावाबाहेर पडले, विद्यापीठासकट. एकही गोरा मतदार बाहेर पडला नाही. समाजशास्त्र शिकवणारे चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकमतानं जिंकले.

"अठ्ठावीस बाजू?" मामांनी खिशातून पेन काढलं. परतीच्या वाटेवर हॉटेलच्या कागदी रुमालावर आकृती. "आतल्या कोनांची बेरीज चार हजार सहाशे ऐंशी अंश," त्यांनी तोंडी सांगून टाकलं.

सप्टेंबरात कर्मवीर जयंतीला त्यांच्या गावच्या वाचनालयात त्यांचं भाषण होतं, विषय ठरलेला : कार्व्हर, एक आदर्श. अटलांटाहूनच त्यांनी फोन लावला आणि विषय बदलून मागितला. पलीकडचे गृहस्थ जरा घुटमळले; मुलं येतात, काही तरी प्रेरणादायी असू द्या, एकदम निवडणूक आणि कोर्टकचेरी कशाला, गुरुजी?

"निवडणूक कुठं काढली मी?" मामा म्हणाले. "बहुभुजाकृती शिकवणार आहे. फळा मात्र मोठा लावा."